विद्यार्थ्यांची चिकित्सक विचारशक्ती वाढवणारे ई-साहित्य कसे तयार करावे?

इयत्ता आठवीच्या विज्ञानाचे ई-साहित्य मुलांनी नुसते पाहू नये, त्यावर विचार करावा, यासाठी ते कसे तयार करावे, असे आपण विचारले आहे. मी याच इयत्तेला विज्ञान शिकवतो. माझा सल्ला असा की, सॉफ्टवेअर निवडण्याआधी मुलांची चुकीची उत्तरे गोळा करावीत.

विद्युत परिपथावरचा माझा पहिला व्हिडिओ देखणा होता. पण त्यात सारे मीच सांगून टाकले होते. मुलांनी तो पाहून स्वाध्यायही बरोबर सोडवला. नंतर मी कोऱ्या कागदावर एक प्रश्न दिला : एक घट आणि दोन सारखे दिवे एकसर जोडणीत असतील, तर कोणता दिवा अधिक प्रकाशेल आणि का? एकसर, म्हणजे एकामागोमाग जोडणीत दोन्हींतून सारखीच धारा वाहते, म्हणून ते सारखेच प्रकाशतात. पण बऱ्याच जणांनी घटाच्या धन टोकाजवळचा दिवा निवडला. एकाने कारण लिहिले, ‘पहिल्या दिव्यानेच निम्मी वीज खाल्ली.’ पुढचा पाठ मी याच वाक्यावर बेतला.

पाठ गुगल फॉर्ममध्ये केला. पहिल्या विभागात फक्त परिपथाची आकृती, मुलांच्याच शब्दांतले पर्याय आणि कारण लिहिण्याची चौकट ठेवली. दोन्ही उत्तरे अनिवार्य केल्यामुळे ती दिल्याशिवाय पुढचा विभाग उघडत नाही. पीपीटीत मुले सरळ पुढे जातात, हा तिचा मोठा दोष. त्यानंतर मुले कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातील परिपथाचे सिम्युलेशन (संगणकावरची प्रतिकृती) चालवतात, दोन्ही दिव्यांपाशी अ‍ॅमीटर लावून विद्युतधारा मोजतात आणि आपला अंदाज का चुकला ते लिहितात. (हे सिम्युलेशन उतरवून घेता येते, त्यामुळे ते चालवायला नेट लागत नाही.) अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण हा क्रम माझा नव्हे; व्हाइट आणि गन्स्टन या शिक्षणसंशोधकांनी १९९२ मध्ये तो सविस्तर मांडला आहे.

मात्र सिम्युलेशनमधले दिवे अगदी तंतोतंत सारखे असतात, बाजारातले नसतात. मी टॉर्चचे दोन दिवे एकसर जोडून चित्रीकरण केले, तेव्हा धन टोकाजवळचाच दिवा किंचित जास्त उजळला आणि मुलांच्या चुकीच्या समजुतीला आयता पुरावा मिळाला! ती चित्रफीत मी काढून टाकली नाही. उलट तिथेच थांबवून विचारले, ‘हा फरक जागेमुळे आहे की दिव्यामुळे, हे कसे ठरवाल?’ दिव्यांची अदलाबदल करून पाहावी, हे सुचायला काही गटांना पाच मिनिटे लागली, काहींना सुचलेच नाही. अदलाबदलीची चित्रफीत मी त्या चर्चेनंतरच दाखवतो. तीत उजळ दिवा जागा बदलूनही उजळच राहतो.

तपासताना उत्तराला एक आणि कारणाला दोन गुण देतो, आणि चाचणीसाठी परिपथ नवा घेतो, म्हणजे पाठांतराने निभावत नाही.