मिस्टरांची गोष्ट विकायची का?

प्रश्न : माझे मिस्टर सुभेदार म्हणून रिटायर झालेत, आम्ही सातारा जिल्ह्यात गावीच असतो. काश्मीरमधल्या एका चकमकीत त्यांच्या तुकडीतले दोघं गेले, मिस्टर बचावले. आता एक वेब सिरीजवाले ती गोष्ट विकत मागतायत, पैसे चांगले देतायत, मुलीच्या कॉलेजचं भागेल. मिस्टर म्हणतात गेलेल्यांच्या जिवावर पैसा नको. दीर म्हणतात, क्रिकेटवाले घेतात की! काय करावं?

उत्तर : ताई, पैसे घेणं हे काही पाप नाहीये, आधी तेवढं मनातून काढून टाका. पण मिस्टरांना जे खुपतंय तेही खरंच आहे.

एक उदाहरण बघा. मार्च 2007 मध्ये इराणने ब्रिटनच्या नौदलाचे 15 जण पकडले होते, 8 खलाशी आणि 7 मरीन, आणि ते तेव्हा तपासून परतत होते ते जहाज भारतीय झेंड्याचं होतं. सुटून 5 एप्रिलला घरी आले आणि त्यांच्या संरक्षण खात्याने चक्क परवानगी दिली की गोष्ट विका! त्यांच्यातली एकमेव महिला खलाशी आणि सगळ्यात लहान पोरगा, दोघांनी पेपर-टीव्हीकडून पैसे घेतले, बाकी काहींनी घेतले नाहीत. आणि ज्या दिवशी हे घरी पोचले त्याच दिवशी इराकमधल्या बसरा शहरात बॉम्बस्फोटात 4 ब्रिटिश सैनिक गेले होते. इराकमध्ये ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना काय वाटलं असेल? काहींनी ते उघड बोलूनही दाखवलं. 9 एप्रिलला ब्रिटनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डेस ब्राउन यांनी परवानगीच बंद केली, आणि जूनमध्ये चौकशीचा रिपोर्ट आला की नोकरीत असलेल्यांनी मीडियाकडून असे पैसे घेऊच नयेत.

मला त्या दोघांचा राग येत नाही, तेरा दिवस कैदेत काढून आलेल्या विशीतल्या पोराला पेपरवाले गाठतात तेव्हा त्याला कोण सांभाळणार? चूक वरच्यांची, थांबा म्हणायचं काम त्यांचं होतं.

आपल्याकडे नोकरीत असताना आर्मी रूल 21 प्रमाणे परवानगीशिवाय लष्करी माहिती छापता येत नाही. मिस्टर रिटायर आहेत, तरी 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, लागू राहतोच, म्हणून ठिकाणं, हत्यारं, डावपेच यातलं काय सांगायचं ते त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारून घ्या, प्रॉडक्शनवाल्यांच्या वकिलावर सोडू नका.

दीरांना सांगा, क्रिकेटवाला स्वतःची सेंच्युरी विकतो, इथे त्या चकमकीत अजून दोन घरं आहेत. त्यांना न विचारता सही करू नका. फोन मिस्टरांनीच करावा, पैशाचंही मोकळेपणाने सांगावं, आणि एका जरी घरातून नकार आला तर मिस्टरांनी फक्त आपल्या ट्रेनिंगचं, गावचं, नंतरच्या दिवसांचं सांगावं, त्याचे पैसे बिनधास्त घ्यावेत. होकार आला तर त्या दोघांची नावं आणि मरणाचा सीन घरच्यांना दाखवल्याशिवाय वापरणार नाही, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.