एम५ घ्यावी की ब्लॅकविंग? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी वेगवान आलिशान सेडानबद्दल बरेच प्रश्न आले. बहुतेकांच्या मनातली धाकधूक एकच दिसते: जर्मन गाडी सोडून अमेरिकन गाडीत एवढे पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? त्यातले पाच प्रश्न निवडून घेतले आहेत.

प्रश्न : कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग आणि नवी बीएमडब्ल्यू एम५, दोन्ही चालवून पाहिल्या. मन ब्लॅकविंगवर बसलंय, पण घरचे आणि मित्र एम५चाच आग्रह धरतात. इथे बर्फ भरपूर, आणि वर्षातले काही महिने आईबाबा आमच्याकडे असतात. काय करू? (ट्रॉय, मिशिगन)

घरच्यांना एक विचारून बघा: त्यांच्या डोक्यात नेमकी कुठली एम५ आहे? ज्या गाडीने हे नाव मोठं केलं ती १९९८ची एम५ आठवा. ४.९ लिटरचं व्ही८, टर्बो नाही, ४०० पीएस (युरोपीय हॉर्सपॉवर) ताकद, सहा गिअर हाताने टाकायचे, ओढ फक्त मागच्या चाकांना आणि वजन १,८०० किलोच्या आसपास. या नमुन्याची गाडी आज म्युनिकवाले, म्हणजे बीएमडब्ल्यू, बनवत नाहीत. ती मिशिगनमध्येच, तुमच्यापासून फार तर दीड-दोन तासांवर लॅन्सिंगला बनते आणि तिच्यावर कॅडिलॅकचं चिन्ह असतं. ब्लॅकविंगमध्ये सुपरचार्जर लावलेलं ६.२ लिटरचं व्ही८ आहे, ६६८ हॉर्सपॉवरचं. ओढ मागच्याच चाकांना, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मूळ किमतीतच मिळतो आणि वजन १,९०० किलोच्या आत राहतं.

नवी एम५ मात्र प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल आणि प्लगला लावून भरलेली वीज अशा दोन्हींवर चालणारी. ४.४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८ आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर मिळून ७२७ पीएस आणि १,००० न्यूटन-मीटर. चारही चाकांना ओढ, गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिक, वजन २,४०० किलोच्या वर. ताकद अफाट, पण अंगाने जड, सरळ रस्त्यावर सुसाट: एकेकाळी युरोपातले लोक अमेरिकन गाड्यांना नावं ठेवायचे ती याच शब्दांत. दोघांनी जागा बदलल्या आहेत, आणि याची गंमत मला तरी दर वेळी वाटते.

आता तुमच्या घराचा हिशेब. मागे ऐसपैस बसायला एम५ बरी. बर्फात चार चाकांची ओढ उपयोगी पडते, आणि रोजचं ऑफिस बरंचसं नुसत्या विजेवर होऊन जाईल. ब्लॅकविंगचे उन्हाळी टायर थंडीत दगडासारखे कडक होतात, त्यामुळे हिवाळी टायरचा वेगळा संच घेणं भागच आहे. तो घातल्यावर मागच्या चाकांची गाडीसुद्धा बर्फात नीट चालते. रस्त्यातल्या खड्ड्यांची चिंता मात्र करू नका. कॅडिलॅकच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरमध्ये लोहकण मिसळलेलं द्रव असतं. शॉकमधल्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होऊन ते क्षणार्धात घट्ट होतं, बंद केली की सैल. डेल्फाय या अमेरिकन कंपनीचं हे तंत्र २००२ साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये पहिल्यांदा आलं आणि पुढे फेरारी, ऑडी यांनीही ते वापरलं. आईबाबांच्या पाठी सुखरूप राहतील.

माझा कौल असा. घरात ही एकच गाडी असणार असेल तर एम५ घ्या आणि घरच्यांचं ऐकल्याचं श्रेयही घ्या. दुसरी गाडी दारात असेल तर ब्लॅकविंग, आणि तीही मॅन्युअलच. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर ती निवडण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

प्रश्न : जर्मन ४.४ लिटरमध्ये जे करतात त्यासाठी अमेरिकनांना ६.२ लिटर कशाला लागतात? पुशरॉड इंजिन म्हणजे जुनाट तंत्रज्ञानच ना? (पुणे)

लिटरवरून इंजिनाची लायकी ठरवण्याची सवय आपल्याला कराने लावली आहे. आपल्याकडे चार मीटर आणि १,२०० सीसी ही रेघ आखली आणि कंपन्या त्या रेघेच्या आत गाड्या कोंबायला लागल्या. युरोपातही तेच. इटलीत २,००० सीसीच्या वर कर इतका वाढायचा की फेरारीला खास तिथल्या बाजारासाठी दोन लिटरची २०८ काढावी लागली. जर्मनीत आजही वाहनकराचा एक भाग सीसीवर ठरतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने असा कर लावलाच नाही. तिथला ‘गॅस गझलर’ कर १९७८च्या कायद्याने आला. तो मायलेजवर बसतो, आणि तोही फक्त कारवर, पिकअप ट्रक आणि एसयूव्हींना माफ. सेडान का संपत चालल्या याचं थोडं उत्तर त्यातही सापडेल.

म्हणजे अमेरिकन इंजिनिअरला लिटर वाचवायचं कारणच नव्हतं. त्याला जागा आणि वजन वाचवायचं होतं. पुशरॉड इंजिनात एकच कॅमशाफ्ट असतो, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या बेचक्यात, आणि लांब दांड्या वरचे व्हॉल्व्ह उघडतात. जर्मन पद्धतीत चार कॅमशाफ्ट, तेही सिलिंडर हेडवर. त्यामुळे इंजिनाचा माथा रुंद आणि उंच होतो. सिलिंडरांचं आकारमान मोठं असूनही अमेरिकन व्ही८ बाहेरून आटोपशीर असतं आणि बॉनेटखाली खाली बसतं. वजन खाली गेलं की वळणावर गाडीचा तोल सुधारतो. हे सगळं साध्या धातूकामात साधलं आहे.

जुनाट म्हणाल तर तेही नाही. ब्लॅकविंगच्या इंजिनात थेट इंधन-फवारणी आहे, व्हॉल्व्हची वेळ बदलता येते आणि आतले इन्टेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला एकेक इंजिन हाताने जुळवतात आणि जुळवणाऱ्याच्या सहीची पट्टी त्यावर लावतात, मर्सिडीजची वेगवान गाड्यांची शाखा एएमजी जर्मनीतल्या अफाल्टरबाखला करते तशीच. जर्मन बाजू सरस ठरते ती उच्च आरपीएमला, जिथे दर सिलिंडरमागच्या चार व्हॉल्व्हचा श्वास मोकळा असतो. आणि मर्सिडीजने कर-प्रदूषणाचं गणित सांभाळायला सी६३ या सेडानमध्ये व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर बसवलं, मोटरसह ६८० पीएसचं. कागदावर विक्रमी, पण जुन्या व्ही८चा घुमार ऐकलेल्या गिऱ्हाइकाला ते काही पटलं नाही.

प्रश्न : अमेरिकन मासिकांत गाडीचा वेग नेहमी जास्त का दिसतो? तीच गाडी युरोपात हळू कशी? (नागपूर)

दोन कारणं, दोन्ही मोजणीतली. अमेरिकेत ० ते ६० मैल मोजतात. ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, पूर्ण १०० नाही. दुसरं, तिथे ड्रॅग रेसच्या रिवाजाने गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. त्यात साधारण पाव सेकंद गळून जातो. ताकदीचे आकडे ताडतानाही जपा, पीएस आणि हॉर्सपॉवर एक नव्हेत: ५०७ पीएस म्हणजे ५०० हॉर्सपॉवर. पेट्रोलचंही असंच: अमेरिकन पंपावरचं ९३ हे आपल्याकडच्या मोजणीत सुमारे ९८ ऑक्टेन.

प्रश्न : बजेट कमी आहे. जुनी कॅडिलॅक सीटीएस-व्ही घेऊ की ई६० पिढीची बीएमडब्ल्यू एम५? व्ही१०चा आवाज डोक्यातून जात नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

आवाजावर भाळला असाल तर पाकीट आधी बाजूला ठेवा. ई६० एम५चं पाच लिटरचं व्ही१० ८,२५० आरपीएमपर्यंत चढतं आणि तसं इंजिन सेडानमध्ये बीएमडब्ल्यूने पुन्हा बसवलं नाही. पण या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजतात, आणि वेळेवर बदलले नाहीत तर अख्खं इंजिन जातं. थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटर आणि एसएमजी (क्लच आपोआप दाबणाऱ्या) गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप हे आणखी दोन ओळखीचे खर्च. घ्यायचीच तर सहा गिअरची मॅन्युअल शोधा, ती बीएमडब्ल्यूने उत्तर अमेरिकेसाठीच दिली होती. बेअरिंग बदलल्याची पावती नसेल तर किमतीतून तो खर्च सरळ वजा करा.

२००९ पासूनची दुसऱ्या पिढीची सीटीएस-व्ही त्या मानाने सोशीक. ५५६ हॉर्सपॉवर, आणि त्याच जातीचं इंजिन शेव्हरले कॅमारो झेडएल१मध्येही असल्याने सुटे भाग सहज मिळतात. सुपरचार्जरमधून खडखड आली तर बहुतेकदा आतला आयसोलेटर (धक्के शोषणारा जोड) असतो, तो बदलता येतो. ते चुंबकीय शॉक मात्र महाग पडतात, तपासूनच घ्या. मे २००८ मध्ये कंपनीचे इंजिनिअर जॉन हाइन्रिसी यांनी नुर्बुर्गरिंग या जर्मन रेस ट्रॅकची फेरी याच गाडीत ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत मारली. कॅडिलॅक म्हणजे आजोबांची सोफागाडी, हा समज त्या दिवशी मोडला. पहिली पिढी (२००४ ते २००७) स्वस्त मिळेल. जोरात क्लच सोडला की तिची मागची चाकं उड्या मारतात आणि डिफरेन्शियल तुटतं, हे लक्षात ठेवा.

आतलं प्लॅस्टिक? जर्मन गाडीतून उतरून बसलात तर बोचेल. त्यावर उपाय नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिकमध्ये अमेरिकाच पुढे ना? मग पेट्रोलच्या या तुलना कशासाठी? आणि यातली एखादी गोव्याला आणता येईल का? (मडगाव)

आकड्यांत पुढे, नक्कीच. ल्युसिड या अमेरिकन कंपनीची एअर सफायर १,२३४ हॉर्सपॉवरची आहे. तिचे मुख्य जनक पीटर रॉलिन्सन यांनी आधी टेस्लात मॉडेल एस घडवली होती. मॉडेल एस प्लेडही १,०२० हॉर्सपॉवरची. पण सरळ रेषेत पळणं वेगळं आणि फेरीमागून फेरी तोच ब्रेक, तोच वेग टिकवणं वेगळं. पोर्शे टायकान टर्बो जीटीने २०२३ मध्ये नुर्बुर्गरिंगला ७:०७.५५ नोंदवली, प्लेडने त्याच वर्षी ट्रॅक पॅकसह ७:२५.२३१. अर्थात त्या टायकानमध्ये मागची सीटच नव्हती, तेव्हा तिला सेडान म्हणायचं का हे तुम्हीच ठरवा. आणि २०२५ मध्ये चीनच्या शाओमीने ७:०४.९५७ लावून दोघांचाही वाद बाजूला सारला.

गोव्याचं उत्तर सोपं: ब्लॅकविंग नाही. ती फक्त डाव्या हाताच्या स्टिअरिंगची बनते आणि आपले आयात नियम उजवं स्टिअरिंग मागतात. कॅडिलॅकची मालक जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखानाही नंतर ह्युंदाईकडे गेला, त्यामुळे कंपनीकडून आशा नको. एम५ मात्र शोरूममध्ये मिळते. २०२४ मध्ये ती १ कोटी ९९ लाखांना आली, एक्स-शोरूम. गोव्याच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवर ती कुठे वळवणार, ते आधी बघून ठेवा.