कन्सोल घेऊन केबल बंद केली तर हप्ता निघेल का?

फोंड्याच्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वेर्ण्याला नोकरी, हातात पगार 38 हजार, घरखर्च 30 हजार, बँकेत शिल्लक 60 हजार. मुलाला प्लेस्टेशन 5 हा सोनीचा व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल हवाय, किंमत 54,990. चवथीच्या ऑफरमध्ये क्रेडिट कार्डावर 12 महिन्यांचा 'नो-कॉस्ट' हप्ता मिळतोय. ओटीटीची वर्गणी आधीच चालू आहे. महिना 420 रुपयांची केबल तोडून टीव्ही, ओटीटी आणि खेळ एकाच यंत्रावर आणले तर ते परवडेल का?

या हिशेबाने नाही. हप्ता 4,583 चा आणि केबल 420 ची, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. केबलच्या बचतीतून कन्सोल फेडायला जवळजवळ 11 वर्षं लागतील.

'टीव्ही एकाच यंत्रात' हेही आता तसं राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या 2013 च्या एक्सबॉक्स वन कन्सोलला एचडीएमआय इनपुट, म्हणजे बाहेरचं चित्र आत घेणारं पोर्ट, होता. सेट-टॉप बॉक्सची वायर कन्सोलमध्ये खुपसली की केबलचे चॅनेल त्यातूनच दिसत. 2020 च्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसमध्ये तो इनपुट नाही. प्लेस्टेशन 5 ला एचडीएमआय पोर्ट एकच आणि तोही चित्र बाहेर पाठवणारा. त्यामुळे केबल तोडल्यावर सगळी मदार ॲपवर. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी5 वर. ही दोन्ही ॲप कन्सोलच्या स्टोअरमध्ये सापडतात का, ते दुकानातल्या डेमो कन्सोलवर स्वतः शोधा. 'सगळं चालतं हो' यावर जाऊ नका. प्रुडंट, गोवा 365 ही गोव्याची वृत्तवाहिन्या यूट्यूबवर लागतात, तो प्रश्न नाही. रिमोटचा मात्र आहे: प्लेस्टेशन 5 ला इन्फ्रारेड नाही, त्यामुळे साधा युनिव्हर्सल रिमोट चालत नाही. एकतर खेळाचा कंट्रोलर, नाहीतर सोनीचा वेगळा विकत घ्यावा लागणारा मीडिया रिमोट. घरात वयस्कर माणूस असेल तर आठवडाभरात वैताग.

विजेची धास्ती नको. ओटीटी बघताना हा कन्सोल साधारण 60 वॅट घेतो, रोज 5 तास लावला तरी महिन्याला 9 युनिट.

'नो-कॉस्ट'मध्ये दुकान व्याजाइतकी सूट देतं, पण बँक व्याज लावतेच आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडून घेते. दर 16 टक्के असेल तर 12 हप्त्यांत व्याज सुमारे 4,500, त्यावर जीएसटी 800 च्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीवर काही सूट मिळत असेल तर तीही गेली. शिवाय कार्डाची तेवढी मर्यादा अडकते. खरं दुखणं पुढे आहे: महिन्याला उरणाऱ्या 8 हजारांतला अर्ध्याहून जास्त भाग वर्षभर बांधला जातो, आणि 60 हजारांची गंगाजळी म्हणजे तुमचा फक्त दोन महिन्यांचा खर्च. ती निदान 90 हजारांवर जायला हवी.

म्हणून दोन खरेद्या वेगळ्या करा. टीव्ही स्मार्ट असेल तर काहीच घेऊ नका. नसेल तर टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचून ओटीटी दाखवणारी चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक रोखीने घ्या, ती केबलच्या वर्षभराच्या पैशात फिटते. जोडीला डीडी फ्री डिश बसवली तर सह्याद्री आणि डीडी गोवा मासिक भाड्याशिवाय मिळतात, फक्त जुलैच्या धो-धो पावसात सिग्नल जातो.

कन्सोल खेळासाठीच घ्यायचा, तर 4,500 ची 12 महिन्यांची आवर्ती ठेव उघडा. साडेसहा टक्क्यांनी पुढच्या चवथीला सुमारे 55,900 हातात येतील, आणि मध्ये अडचण आली तर ती मोडता येते. कार्डाचा हप्ता तसा थांबवता येत नाही. उरलेले साडेतीन हजार गंगाजळीत. घेताना डिस्कवाला घ्या: नवे मोठे खेळ चार-पाच हजारांना पडतात, डिस्क खेळून झाल्यावर विकता तरी येते. ऑनलाइन खेळण्यासाठीच्या प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी, ती आताच धरून ठेवा.

केबल लगेच तोडू नका. एक महिना बॉक्स बंद ठेवून घर स्टिकवर चालतं का बघा, आणि बॉक्स परत करण्याआधी अनामत भरल्याची पावती शोधून ठेवा.