वार्तापत्राचे काम नव्याने हाती घेताना
महाविद्यालयातील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या वार्तापत्राचे काम आपण नुकतेच स्वीकारले आहे, म्हणून सुचवतो की आगामी कार्यक्रमाच्या सूचनेत तारखेबरोबर वारही अवश्य लिहावा, कारण दोन्ही जुळले नाहीत तर चूक प्रसिद्धीपूर्वीच लक्षात येते. नोंदणीची अंतिम मुदत कार्यक्रमाच्या तारखेआधी नमूद करावी. शोधनिबंध केवळ स्वीकृत झाला आहे की प्रकाशितही झाला आहे, हे संबंधित प्राध्यापकांना विचारूनच छापावे. पदोन्नतीच्या अर्जात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि लेखा विभागातील सहकारी स्वतःहून बातमी क्वचितच पाठवतात (प्राध्यापकांना मात्र आठवण करून द्यावी लागत नाही!), तेव्हा त्यांच्याकडे आपणच चौकशी करावी. आजारपणाची बातमी संबंधितांच्या संमतीविना घेऊ नये.