एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डाचे टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी दशांश गणितं) आधीच्या पिढीच्या २०८० टीआयच्या दीडपट, मग गेममध्ये दोन्ही कार्डं जवळपास सारखी का?

आधी तो आकडा येतो कुठून ते बघा: कोअर (गणित करणारे युनिट) × २ (प्रत्येक ठोक्याला दोन क्रिया) × क्लॉक (सेकंदाला किती ठोके). ३०७० चे ५८८८ कोअर, बूस्ट क्लॉक १.७२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे २०.३ टेराफ्लॉप्स. २०८० टीआयचे ४३५२ कोअर, १.५४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण १३.४. हिशोब बरोबर आहे, पण दोन्हीकडे 'कोअर' म्हणजे एकच गोष्ट नाही.

२०८० टीआयच्या ट्युरिंग रचनेत प्रत्येक एसएममध्ये (चिपमधल्या युनिटच्या गटात) दशांश गणितासाठी ६४ आणि पूर्णांकांसाठी वेगळे ६४ युनिट आहेत. जाहिरातीत मोजले जातात ते फक्त पहिले ६४. ३०७० च्या अँपिअर रचनेत दुसरे ६४ दोन्ही कामं करतात, म्हणून कोअर मोजताना थेट १२८ धरले. पण गेममध्ये मेमरीतले पत्ते काढणं वगैरे पूर्णांकांची कामं सतत चालू असतात. ती आली की ते युनिट तिकडे गुंततात आणि कागदावरचे टेराफ्लॉप्स तेवढे कमी होतात. खरी मेख इथेच आहे.

मेमरीतही २०८० टीआय पुढे आहे. ३५२ बिटची बस (मेमरीला जोडणारी वाट) गुणिले १४ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट), मग ८ ने भागा: सेकंदाला ६१६ जीबी. ३०७० ला २५६ बिटमुळे ४४८ च मिळतात. शिवाय मेमरीही ११ जीबी विरुद्ध ८ जीबी.

म्हणून टेराफ्लॉप्सची तुलना एकाच पिढीत करा, उदाहरणार्थ ३०७० आणि ३०६० टीआय. तिथेही बँडविड्थ (मेमरीचा हा वेग) बघाच: या दोघांची सारखीच ४४८ आहे, त्यामुळे कागदावरचा २५ टक्के फरक गेममध्ये पूर्ण दिसत नाही.