दाइम्योला जहागीरदार म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की जपानी इतिहासातल्या 'दाइम्यो'ला मराठीत जहागीरदार म्हटलं तर चालेल का. मला नाही पटत, पण आधी शब्दाचीच गंमत बघा. दाइ म्हणजे मोठं, म्यो म्हणजे नाव. मोठं नाव म्हणजे नावलौकिक असेल असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, पण हे नाव जमिनीचं आहे, आपण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणतो ना तसलं. ज्याच्या नावावर पुष्कळ जमीन तो दाइम्यो, थोडी असेल तो शोम्यो. (आणि प्लीज 'डायमियो' नको, म्यो हे एकच अक्षर आहे.)

आता जहागीर म्हणजे मुळात वसूल खायचा हक्क. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे जपानवर हुकूमत चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या काळात दाइम्यो व्हायला निदान १० हजार कोकू तांदळाचा मुलूख लागायचा, एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, माणसाचं वर्षभराचं खाणं. त्या मुलखात किल्ला, फौज, कर, न्यायनिवाडा सगळं त्याचंच, म्हणून संस्थानिक हा शब्द जास्त जवळचा वाटतो. पण शोगुन मनात आलं तर मुलूख काढून घ्यायचा नाहीतर दुसरीकडे बदली करायचा, तिथे आपला सरंजामदार आठवतो. शिवाय १६३५ पासून नियमच झाला, एक वर्ष आपल्या गावी आणि एक वर्ष एदोत म्हणजे आजच्या तोक्योत, आणि बायको नि वारस कायम एदोतच, सरळ ओलीस म्हणा की! लवाजम्यासकट जाण्यायेण्यातच तिजोरी रिकामी.

खरी अडचण कारभारात आहे. तोकुगावांना सत्ता मिळवून देणाऱ्या १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईआधीपासून तोकुगावांचे चाकर असलेले ते फुदाइ, रोजू म्हणजे वरिष्ठ मंत्री यांच्यातूनच निवडायचे. नंतर शरण आलेले ते तोझामा. कागा मुलखाचं माएदा घराणं तोझामा, १० लाख कोकूंच्या वरचे धनी, पण मंत्रिमंडळात खुर्ची नाही, आणि २५-३० हजारवाला फुदाइ तिथे बसून हुकूम काढतोय. म्हणजे तोझामाला संस्थानिक शोभतं, फुदाइला सरदार किंवा मुत्सद्दी, आणि दोघेही दाइम्योच.

त्यामुळे भाषांतरात मी तरी पहिल्यांदा 'दाइम्यो, म्हणजे संस्थानिक सरदार' असं लिहीन आणि पुढे नुसतं दाइम्यो. अनेकवचनही दाइम्योच ठेवा, दाइम्ये वगैरे करू नका.