रीडेल थायरॉयडायटिसचं निदान सुईच्या तपासणीवर होतं का? आणि पूर्ण थायरॉइड काढावी लागते का?

दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा नाही. मी पॅथॉलॉजीत काम करतो. या आजारात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या जागी दाट तंतुमय ऊती तयार होते, गाठ हाताला लाकडासारखी टणक लागते आणि सुईत जेमतेम चार पेशी येतात. त्यावरून काय ठरवणार? म्हणून ओपन बायोप्सी करतात, म्हणजे छेद देऊन तुकडा काढतात. अॅनाप्लास्टिक कॅन्सर (थायरॉइडचा फार वेगाने वाढणारा कॅन्सर) आणि लिम्फोमाही (लिम्फ पेशींचा कॅन्सर) असेच टणक लागू शकतात, तेव्हा तुकडा तपासल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नये. लिम्फोमा त्याने तात्पुरता दबतो आणि निदान चुकतं. रक्तातलं आयजीजी४ (या आजारात वाढू शकणारी एक अँटिबॉडी) नॉर्मल आलं तरी आजार नाही असं होत नाही.

ही तंतुमय ऊती ग्रंथीबाहेर शेजारच्या स्नायूंत घुसते. सगळी ग्रंथी काढायला गेलं तर आवाजाची नस आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या छोट्या ग्रंथी) दुखावण्याची भीती. श्वासनलिका दाबली जात असेल तर सहसा मधला भागच काढतात. औषधांत आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड; ते पुरलं नाही तर टॅमॉक्सिफेन (हो, स्तनाच्या कॅन्सरचंच) किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारं औषध). टीएसएच (थायरॉइड कमी पडली की वाढणारं हार्मोन) वाढलेलं असेल तर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोनही लागतं.

मात्र आजार इतका दुर्मीळ आहे की मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत, त्यामुळे डोस आणि मुदत एंडोक्रिनॉलॉजिस्टच ठरवतील. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.